विषाणूला गुणसूत्रांची जोडी नाही, मग अ‍ॅडेनोविषाणूचे नवे प्रकार होतात कसे?

मॅडम, घाटंजी तालुक्यातल्या तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसाळ्यात जवळच्या आश्रमशाळेतल्या बऱ्याच मुलांचे डोळे आले. ती साथ ओसरते न ओसरते तोच त्याच वसतिगृहात ताप-खोकला सुरू झाला. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "हे अ‍ॅडेनो असू शकतं, याचे प्रकार एकमेकांत मिसळून नवे प्रकार होतात." तुम्ही वर्गात पुनःसंयोग, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल, शिकवता तो अर्धगुणसूत्री विभाजनातला (मिओसिसमधला), सजातीय गुणसूत्रं जोडीनं शेजारी आल्यावर होणारा. विषाणूकडे जोडी नाही आणि विभाजनही नाही. मग मिसळतं काय, आणि कुठे? हे कोरोनाच्या उत्परिवर्तनासारखंच आहे का? आणि अमरावतीकडच्या पोल्ट्रीत येणाऱ्या अ‍ॅडेनोचा याच्याशी संबंध आहे का? मी विदर्भातच वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करत आलो आहे आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. एकाच माणसाच्या एकाच पेशीत दोन वेगवेगळे अ‍ॅडेनोविषाणू एका वेळी शिरले, तर पेशीच्या केंद्रकात दोघांच्या डीएनएच्या नकला शेजारी शेजारी निघत असतात. नकला निघत असताना एकाचा तुकडा दुसऱ्यात जाऊन बसतो. वर्गात तुम्ही दाखवता ती जोडी आई-वडिलांकडून आलेली असते, इथे ती दुहेरी संसर्गातून तयार होते. डीएनएच्या पातळीवर तत्त्व एकच आहे: दोन धाग्यांवर जिथे अक्षरांचा (डीएनएच्या ए, टी, जी, सी या घटकांचा) क्रम सारखा असतो, तिथे ते एकमेकांशी जुळू शकतात आणि पुढचा भाग बदलला जाऊ शकतो. अ‍ॅडेनोविषाणूंमध्ये जी विविधता आज दिसते, तिच्यातला फार मोठा वाटा या अदलाबदलीचा आहे.

आता हा विषाणू बांधला कसा आहे ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. १९५३ साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथींमधून तो पहिल्यांदा वेगळा केला. पुढच्याच वर्षी मॉरिस हिलमन आणि वर्नर यांना तो श्वसनाच्या आजाराने पडलेल्या सैनिकांमध्ये सापडला. आकार सुमारे ९० नॅनोमीटर, आत साधारण ३५,००० अक्षरांचा सरळ, दुपदरी डीएनए, आणि बाहेर वीस बाजूंचं प्रथिनांचं कवच. कवचावर चरबीचं आवरण नाही. याचा व्यवहारातला परिणाम मी पुढे सांगतो. कवचाच्या बाजू २४० हेक्सॉनांनी भरलेल्या असतात. बारा कोपऱ्यांवर प्रत्येकी एक पेंटॉन बेस बसतो आणि त्यातून फायबर नावाची दांडी बाहेर येते. ही तीन प्रथिनं लक्षात ठेवा. विषाणू कुठल्या पेशीला चिकटेल, म्हणजे डोळ्याच्या, घशाच्या की आतड्याच्या, हे मुख्यतः फायबरचं टोक ठरवतं. चिकटल्यावर आत शिरायला पेंटॉन बेस लागतो. आणि आपलं शरीर विषाणू निकामी करणारी प्रतिपिंडं बनवतं ती बहुतांशी हेक्सॉनच्या बाहेर आलेल्या वेटोळ्यांविरुद्ध. कुठे हल्ला करायचा हे एका जनुकावर, आणि शरीर आपल्याला ओळखेल का हे दुसऱ्याच जनुकावर. ही दोन जनुकं वेगवेगळी अदलाबदल होऊ शकतात, हीच या विषाणूची खरी ताकद आहे.

नकला निघतात कशा, ते जरा बारकाईनं पाहण्यासारखं आहे. आपल्या पेशीत डीएनएचे दोन्ही पदर साधारण एकाच वेळी नकलले जातात. अ‍ॅडेनोमध्ये तसं होत नाही. त्याच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना एकेक प्रथिन चिकटलेलं असतं आणि नक्कल एका टोकापासून सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. जाताना ती एका पदराची नवी जोडी बनवते आणि दुसरा जुना पदर बाजूला ढकलत नेते. हा ढकललेला पदर काही काळ एकटाच, म्हणजे एकपदरी, राहतो. विषाणूचंच एक डीएनए-बंधक प्रथिन त्याला गुंडाळून जपतं आणि नंतर त्याचीही जोडी तयार होते. संसर्ग ऐन भरात असताना एका केंद्रकात अशा हजारो प्रती असतात आणि शेकडो पदर उघडे पडलेले असतात. त्या केंद्रकात दुसऱ्या प्रकाराचा विषाणूही वाढत असेल, तर त्याच्या डीएनएवर जिथे अक्षरं जुळतात तिथे हा उघडा पदर घुसून चिकटू शकतो. मग नक्कल एका विषाणूवरून सुरू होऊन दुसऱ्यावर संपते. बडनेऱ्याला गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते, पण ती सांधे बसवलेल्या जागीच जाते, मधेच कुठेही नाही. तसंच इथेही अक्षरं जुळण्याची जागा लागते.

हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत प्रकार २ आणि प्रकार ५ एकाच पेशीत वाढवून त्यांचे संकर काढले गेले, आणि कोणता तुकडा कुठून आला हे पाहून विषाणूच्या जनुकांचा नकाशा तयार करण्यात आला. म्हणजे अदलाबदल होते हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. निसर्गात, माणसांमध्ये, ती किती मोठ्या प्रमाणावर चालते हे मात्र संपूर्ण जनुकसंच वाचणं स्वस्त झाल्यावरच उमगलं.

सांध्यांचा मुद्दा अजून थोडा ताणतो, कारण विद्यार्थ्यांना इथेच गंमत वाटेल. हेक्सॉनचा आतला, कवचाला आधार देणारा भाग एका प्रजातीतल्या प्रकारांमध्ये जवळजवळ सारखा असतो. बाहेर आलेली वेटोळी मात्र प्रकारागणिक पार वेगळी. म्हणजे जनुकावर क्रम असा लागतो: सारखा भाग, मग वेगळा भाग, मग पुन्हा सारखा भाग. जुळणी होते ती सारख्या भागांत. म्हणून मधली वेटोळी अख्खीच्या अख्खी, न तुटता, दुसऱ्या विषाणूकडे जातात. पेंटॉन बेसमध्येही दोन बदलती वेटोळी आहेत आणि तिथेही हेच घडतं. फायबरचं मूळ, जे पेंटॉन बेसमध्ये रुतून बसतं, ते बहुतेक प्रकारांमध्ये सारखं असतं. त्यामुळे दुसऱ्याचं फायबर घेतलं तरी ते खोबणीत बसतं आणि विषाणू चालू राहतो. याशिवाय ई३ नावाचा जनुकांचा पट्टा आहे, जो विषाणूला आपल्या प्रतिकारशक्तीपासून लपायला मदत करतो. त्याच्या आसपासही अदलाबदल वारंवार दिसते. उरलेला जनुकसंच, जिथे नक्कल काढणारी यंत्रणा आहे, तो त्या मानानं स्थिर राहतो.

अर्थात अदलाबदल झाली म्हणजे नवा विषाणू जगला असं होत नाही. निसर्गात रोज कितीतरी जोडण्या होत असतील ज्यांचं कवच बसत नाही किंवा डीएनए पुरता भरला जात नाही. त्या तिथेच संपतात. जी जोडणी टिकते तिला फायदा असावा लागतो, आणि इथे निवड करणारी गोष्ट म्हणजे आपल्या गावातली प्रतिकारशक्ती. समजा एका वसतिगृहातल्या बहुतेक मुलांना एक प्रकार होऊन गेलाय. त्यांच्या रक्तात त्या प्रकाराच्या हेक्सॉनविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. त्याच विषाणूनं बाकी सगळं तेच ठेवून फक्त हेक्सॉनची वेटोळी दुसऱ्याकडून घेतली, तर त्या मुलांत तो पुन्हा नव्यासारखा पसरू शकतो. एक-एक अक्षर बदलत ही मजल गाठायला फार काळ लागला असता. अदलाबदलीनं ती एका पायरीत गाठली जाते.

कोरोनाशी तुलना करताना हाच फरक महत्त्वाचा. कोरोना आणि फ्लू हे आरएनए विषाणू. फ्लूची नक्कल काढताना चुका भरपूर राहतात. कोरोनाकडे चुका तपासणारी थोडी यंत्रणा आहे, पण तो इतक्या लोकांत पसरला की बदल साठत गेले. अ‍ॅडेनोचं नक्कल काढणारं विकर (एन्झाइम) चुकीचं अक्षर मागे जाऊन काढून टाकतं. त्यामुळे अनेक दशकांच्या अंतरानं घेतलेले एकाच प्रकाराचे नमुने वाचले तरी फरक अगदी थोडे निघतात. म्हणजे उत्परिवर्तन इथे सावकाश चालतं आणि मोठी उडी पुनःसंयोगानं पडते. कोरोनातही पुनःसंयोग होतो. २०२२ मध्ये पसरलेला एक्सबीबी हा ओमिक्रॉनच्या दोन शाखांचा संकरच होता. फ्लूचा मार्ग आणखी निराळा: त्याचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांत असतो आणि अख्खे तुकडे बदलले जातात. वर्गात हे तिन्ही एका फळ्यावर मांडा, पण एकच नाव देऊ नका.

आता प्रजातींबद्दल. माणसांतले अ‍ॅडेनोविषाणू ए ते जी अशा सात प्रजातींत विभागले आहेत. बी आणि सी मुख्यतः घसा आणि फुप्फुसं धरतात, बी मधले काही मूत्रमार्ग. ई मध्ये माणसांतला एकच प्रकार, ४, तो श्वसनाचा. एफ मधले ४० आणि ४१ लहान मुलांच्या हगवणीत सापडतात. आणि डी ही सर्वांत मोठी प्रजाती, सगळ्या ज्ञात प्रकारांपैकी निम्म्याहून अधिक प्रकार तिच्यात आहेत. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला सूज आणणारी वाईट साथ बहुतेक वेळा डी कडून येते. जुळायला अक्षरं सारखी लागत असल्यानं अदलाबदल सहसा एका प्रजातीच्या आतच होते. डी मधले प्रकार एकमेकांच्या खूप जवळचे आहेत, आणि तिथे अदलाबदलीचा पसारा सगळ्यांत मोठा आहे. या दोन गोष्टी एकमेकींना पोसतात असं माझं मत आहे.

प्रकारांना नंबर देण्याची जुनी पद्धत रक्तद्रवावर चालायची: कोणत्या प्रतिपिंडानं विषाणू निकामी होतो ते पाहायचं आणि नंबर द्यायचा. अशा रीतीनं १ ते ५१ झाले. २००७ मध्ये ५२ आला तो जनुकसंच वाचून ठरवलेला, आणि तिथून पुढे नंबर जनुकसंचावरूनच पडत गेले. आज ते शंभराच्या वर गेलेत. प्रत्येक नव्या जोडणीला नवा नंबर द्यावा का, यावर या क्षेत्रात वाद झालेला आहे. माझं मत असं, की नंबरासोबत तीन भागांचं सूत्र लिहिलंच पाहिजे: पी म्हणजे पेंटॉन, एच म्हणजे हेक्सॉन, एफ म्हणजे फायबर. नुसत्या नंबरानं डॉक्टरला काही कळत नाही.

का, ते १९ नंबरच्या कहाणीवरून स्पष्ट होतं. १९ हा प्रकार १९५० च्या दशकात सापडला. त्या मूळ विषाणूमुळे डोळ्याच्या पडद्याची साथ येत नव्हती. १९७० च्या दशकात मात्र अशा साथीतून जो विषाणू मिळू लागला, तो रक्तद्रवाच्या चाचणीत १९ च निघाला. म्हणून त्याला '१९ए' म्हणत राहिले. एकच नंबर, पण एक साधा आणि एक डोळ्याला घातक, हे कोडं कितीतरी वर्षं तसंच होतं. जनुकसंच वाचल्यावर उलगडलं: त्याचं पेंटॉन २२ कडचं, हेक्सॉन १९ कडचं आणि फायबर ३७ कडचं. ३७ हा तर डोळ्याच्या साथींसाठी नावाजलेला. चाचणी हेक्सॉन पाहत होती आणि आजार फायबरशी निगडित होता. आता त्याला ६४ म्हणतात.

५३ ची गोष्टही तशीच बोलकी आहे. जर्मनीतल्या डोळ्याच्या साथीत सापडलेला हा विषाणू २००९ मध्ये वर्णन केला गेला. सूत्र पी३७-एच२२-एफ८. यातला ८ हा १९५५ पासून डोळ्याच्या साथींचा मुख्य आरोपी म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गोदी कामगारांमध्ये असे डोळे आले होते, त्या आजाराला 'शिपयार्ड आय' म्हणत. २२ हा त्या आजारासाठी ओळखला जात नव्हता. म्हणजे डोळा धरायची सोय ८ कडून आली आणि प्रतिपिंडांपासून सुटायची सोय २२ कडून. हेक्सॉनवरची चाचणी करणाऱ्यानं 'प्रकार २२' असं लिहून कागद बाजूला ठेवला असता.

तुमच्या वसतिगृहाच्या दृष्टीनं मला ५५ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००६ मध्ये चीनच्या शाआन्शी प्रांतात एका माध्यमिक शाळेभोवती श्वसनाच्या आजाराची साथ आली. विषाणूला आधी ११ म्हटलं गेलं, कारण हेक्सॉन ११ चं होतं. ११ तर मूत्रमार्गाचा विषाणू. तो फुप्फुसात काय करतोय? संपूर्ण वाचन केल्यावर दिसलं की जवळजवळ सगळा जनुकसंच १४ चा, म्हणजे श्वसनाच्या विषाणूचा, आणि फक्त हेक्सॉनचा एक तुकडा ११ कडून आलेला. शरीराला तो ११ वाटतो आणि वागतो १४ सारखा. निरोगी तरुणांनाही त्यानं न्यूमोनिया केला आहे.

आपल्या देशातलं उदाहरण द्यायचं तर २०२२ च्या अखेरीपासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत पश्चिम बंगालमध्ये लहान मुलांत श्वसनाची गंभीर साथ आली. कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेनं तपासलेल्या नमुन्यांत बी प्रजातीतल्या ७ आणि ३ यांचा संकर ठळकपणे दिसला. हे दोन्ही प्रकार मुलांत नेहमी फिरणारे आहेत. अर्जेंटिनातही १९८० च्या दशकात ७ चा एक उपप्रकार मुलांच्या गंभीर आजारात सापडू लागला होता. त्याचं फायबर ३ चं निघालं, आणि त्याला आता ६६ हा नंबर आहे.

प्रजातीची भिंत कधी ओलांडली जातच नाही असं समजू नका. ई मधला ४ पाहा. त्याचा बहुतेक जनुकसंच चिंपांझींच्या अ‍ॅडेनोविषाणूंसारखा आहे आणि हेक्सॉनची वेटोळी बी मधल्या १६ सारखी. म्हणजे कधीतरी तो माकडवर्गातून माणसात आला आणि माणसातल्या विषाणूकडून हेक्सॉन घेऊन इथे रुळला. म्हणून या विषयात मी 'अशक्य' हा शब्द जपून वापरतो.

पोल्ट्रीबद्दल मात्र निश्चिंत राहा. कोंबड्यांना यकृताचा आजार करणारे किंवा हृदयाभोवती पाणी भरणारे अ‍ॅडेनोविषाणू वेगळ्या गटातले आहेत, हा गट (जीनस) प्रजातीहून मोठा असतो. आपले मॅस्टॅडेनोव्हायरस, त्यांचे एव्हीअ‍ॅडेनोव्हायरस. दोघांच्या अक्षरांत जुळणारे लांब पट्टे नाहीत, त्यामुळे सांधाच बसत नाही. कोंबड्यांचा बर्ड फ्लू हा पूर्ण वेगळा विषय, तो यात मिसळू नका.

मुलं तुम्हाला आणखी एक विचारतील, म्हणून आधीच सांगतो. कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझीचा अ‍ॅडेनोविषाणू वाहक म्हणून, म्हणजे लसीचं जनुक पेशीत नेण्यासाठी, वापरला होता, मग तो आपल्या सर्दीच्या अ‍ॅडेनोशी मिसळला का? त्या वाहकातून ई१ हा जनुकांचा भाग काढलेला असतो. त्याशिवाय नकला सुरूच होत नाहीत. तो दंडाच्या स्नायूत टोचला जातो, वाढत नाही आणि शरीर त्याला लवकर काढून टाकतं. नैसर्गिक विषाणू त्याच वेळी त्याच पेशीत भरपूर वाढत असला तरच काही घडू शकतं, आणि तशी वेळ येणं जवळपास दुरापास्त आहे. पुनःसंयोगाची खरी काळजी कारखान्यात घेतात. असे वाहक ज्या पेशींत वाढवले जातात, त्यांत ई१ मुद्दाम घातलेला असतो. पेशीतला ई१ आणि वाहकाचा डीएनए जर आजूबाजूला जुळले, तर ई१ परत वाहकात शिरून वाढणारा विषाणू तयार होऊ शकतो. एचईके २९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत प्रकार ५ चे वाहक वाढवताना हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. म्हणून प्रत्येक खेपेची तपासणी होते, आणि पीईआर.सी६ सारख्या पेशी तर असा जुळणारा भाग राहणारच नाही अशाच बनवल्या गेल्या.

आता मूळ प्रश्नाकडे: दुहेरी संसर्ग होतो तरी कुठे? सर्दीसारखा आठवड्यात निघून जाणारा हा पाहुणा असता तर दोन प्रकारांची गाठ क्वचितच पडली असती. पण सी प्रजातीचे विषाणू बहुतेक मुलांना पहिल्या काही वर्षांतच होतात आणि नंतर टॉन्सिलच्या लसिकापेशींत आणि आतड्याजवळ मुक्काम करतात. मूल ठणठणीत असतं आणि विष्ठेतून महिनोन्महिने, थांबून थांबून, विषाणू बाहेर येत राहतो. त्या काळात दुसरा प्रकार आला की भेट होते. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात तर हे सहज घडतं. डी मधले ४३ ते ४९ यांतले बहुतेक प्रकार एचआयव्हीच्या रुग्णांच्या नमुन्यांतून आलेले आहेत, आणि अवयव किंवा अस्थिमज्जा रोपणाच्या रुग्णांतही एकाहून अधिक प्रकार एकत्र आढळतात. आश्रमशाळेत वेगवेगळ्या पोडांवरून, पाड्यांवरून मुलं जून-जुलैत एकदम एका छताखाली येतात. प्रत्येक जण आपल्या घरचे विषाणू घेऊन येतो. अंथरुणं शेजारी, टॉवेल सामायिक, एकच नळ. दोन विषाणूंची गाठ पडायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. म्हणून मी वसतिगृहाच्या स्वच्छतेला उत्क्रांतीचा प्रश्न मानतो, आणि हे पूर्ण गांभीर्यानं म्हणतोय.

तुमच्या साथीत डोळ्याचा आणि खोकल्याचा विषाणू एकच होता का, हे लक्षणांवरून सांगता येणार नाही. बी मधला ३ डोळे, घसा आणि ताप एकत्र आणू शकतो. तलावात, बंधाऱ्यात एकत्र पोहणाऱ्या मुलांत हे दिसतं. दुसरीकडे डोळे येण्याच्या साथी एंटेरोव्हायरसच्याही असतात, विशेषतः कॉक्सॅकी ए२४ च्या. तो एक-दोन दिवसांतच उमटतो, डोळ्यात रक्त उतरल्यासारखं दिसतं आणि आठवडाभरात निवळतो. अ‍ॅडेनोला उमटायला सहसा आठवडाभर लागतो, कानापुढची गाठ दुखते, आणि डीचा प्रकार असेल तर पडद्यावर पांढुरके ठिपके राहून नजर काही आठवडे अंधुक राहू शकते. असा रुग्ण नेत्रतज्ज्ञाला दाखवाच. मेडिकलवरून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घेऊ देऊ नका. त्यानं बरं वाटतं आणि विषाणू जास्त दिवस बाहेर पडत राहतो.

नमुना पाठवायचा असेल तर पहिल्या तीन-चार दिवसांत, घशाचा किंवा डोळ्याचा स्वॅब, विषाणूच्या वाहक द्रवात, बर्फावर. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत तो विषाणू प्रयोगशाळेत जातो. बहुतेक ठिकाणी उत्तर 'अ‍ॅडेनोव्हायरस: आढळला' एवढंच येतं, आणि उपचार बदलत नसल्यानं पुढे कुणी विचारत नाही. मला हे खटकतं. साथीतल्या निदान काही नमुन्यांचे पेंटॉन, हेक्सॉन आणि फायबर तिन्ही वाचले जावेत असा आग्रह वैद्यकीय अधिकाऱ्यांनी धरायला हवा. आणि एक सावधगिरी: घशात आढळला म्हणजे तोच आजाराचं कारण असं नाही, तो महिन्यांपूर्वीचा मुक्कामी असू शकतो. साथीतल्या अनेक मुलांत एकच प्रकार निघाला तरच बोट ठेवता येतं.

आवरणाचा मुद्दा राहिला होता. चरबीचं आवरण नसल्यानं सॅनिटायझरवर फार भरवसा ठेवू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं हात धुणं जास्त उपयोगी. कोरड्या पृष्ठभागावर हा विषाणू काही आठवडेसुद्धा टिकतो, म्हणून दाराच्या कड्या, नळ, पलंगाचे दांडे टीसीएल (ब्लिचिंग) पावडरच्या ताज्या द्रावणानं पुसा. जुन्या, ओलसर झालेल्या पोत्यातल्या पावडरीत क्लोरीन उरलेलं नसतं. ग्रामपंचायतीकडे पाण्यासाठी ओटी टेस्टचा संच असतोच, टाकीत क्लोरीन आहे का ते रोज बघायला सांगा. टॉवेल आणि उशी प्रत्येकाची वेगळी. डोळे आलेल्या मुलाकडे नुसतं बघून कुणाचे डोळे येत नाहीत, हातानं येतात. नेत्र शिबिरात डोळ्याला टेकणारं उपकरण दोन रुग्णांमध्ये निर्जंतुक होतंय का, हे विचारायला लाजू नका. अशा साथी नेत्रचिकित्सालयांतून पसरल्याच्या नोंदी जगभर आहेत. लसीचं म्हणाल तर ४ आणि ७ साठी तोंडावाटे घ्यायची लस आहे, पण ती फक्त अमेरिकेच्या सैन्यात वापरली जाते. १९७१ पासून दिली, १९९६ मध्ये उत्पादन थांबलं, साठा संपल्यावर छावण्यांत साथी परतल्या आणि २०११ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

वर्गासाठी एक काम सुचवतो, त्याला इंटरनेट असलेला एक संगणक पुरे. जेनबँक हा जनुकसंचांचा साठा सगळ्यांना मोफत खुला आहे. तिथून मानवी अ‍ॅडेनोविषाणू ५३, २२, ३७ आणि ८ यांचे क्रम घ्या. ५३ चं हेक्सॉन जनुक ब्लास्ट या क्रमांची तुलना करणाऱ्या ऑनलाइन साधनात बाकी तिघांशी एकेक करून समोरासमोर लावा. मग पेंटॉन, मग फायबर. तक्ता मुलांनाच भरू द्या. हेक्सॉनला २२, पेंटॉनला ३७ आणि फायबरला ८ सर्वांत जवळचा निघेल. नंतर हेक्सॉनकडे परत जाऊन जुळणी कुठे तुटते ते अक्षरांच्या क्रमांकानुसार बघायला लावा. वेटोळ्यांच्या जागी २२ सोडून इतरांशी जुळणी ढासळते आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे ती तिघांशीही चांगली राहते. सांधा नेमका कुठे बसला असेल, हे मुलांना त्या पट्ट्यात स्वतःच्या बोटानं दाखवता येईल.